टेबलाच्या अलीकडे

खुर्चीचा पाय फरशीवर घासल्याचा आवाज झाला आणि माझ्या पाठीतून काहीतरी सर्रकन गेलं. आवाज तसा मोठा नव्हता. टेबलापलीकडे बसलेली मुलगी उठली, आपली खुर्ची दोन्ही हातांनी धरून टेबलाला वळसा घालत तिने अलीकडे आणली, ताईच्या डाव्या हाताला जराशी तिरकी ठेवली आणि बसली. गुडघे ताईकडे वळवलेले. कागद टेबलावर नाहीत, स्वतःच्या मांडीवर. त्या कागदांना लगेच हात न लावता तिने ताईला विचारलं की यायला त्रास झाला नाही ना, बस वेळेवर मिळाली का, पाणी हवं का. ताई म्हणाली, नको. मुलीने तरी पाणी आणलं. ताईने ग्लास हातात घेतला आणि तहान नसताना दोन घोट प्यायली, कारण समोरच्याने आणलेलं परत करणं तिच्या स्वभावात नाही. मी ताईच्या उजव्या हाताला बसून हे सगळं बघत होते. खुर्ची, गुडघे, मांडीवरचे कागद, नको म्हटल्यावरही आणलेलं पाणी, सगळं माझं होतं. ही मुलगी मला ओळखत नव्हती. तिच्या लेखी मी फक्त पेशंटची धाकटी बहीण होते.

सव्वीस वर्षं मी हेच काम केलं, शहराच्या दुसऱ्या टोकाच्या एका हॉस्पिटलात. नवीन औषधांवर संशोधन चालतं, त्यासाठी माणसं लागतात, आणि माणसांना आधी विचारावं लागतं. डॉक्टर पाच मिनिटं बोलून जातात, मग कोणीतरी पेशंटजवळ बसून सोळा पानांचा फॉर्म समजावून सांगायचा आणि सही घ्यायची. ते कोणीतरी म्हणजे मी. माझ्या जागेला एक लांबलचक सरकारी नाव होतं, ते कोणी वापरत नसे. आमचे मोठे डॉक्टर मला होकारबाई म्हणत. वॉर्डात उभे राहून म्हणत, "हे जरा अवघड गिऱ्हाईक दिसतंय, होकारबाईंना बोलवा," आणि सगळे हसत. मीही हसायची. खरं सांगायचं तर मला ते आवडायचं. दुसऱ्या कोणी दहा जणांना विचारलं तर चार-पाच हो म्हणत, मी विचारलं तर आठ. यात लबाडी नव्हती, हे मी आजही छातीठोक सांगेन. सोळाच्या सोळा पानं मी वाचून दाखवायची, एक ओळ गाळायची नाही. शब्द सगळ्यांचे तेच होते, फक्त मी ते टेबलाच्या अलीकडे बसून बोलायची. टेबल मध्ये असलं की माणूस नाही म्हणू शकतो. शेजारी खुर्ची ओढून, आपुलकीने, वेळ काढून कोणी बसलं की भीड पडते. हे मी शेवटच्या काही वर्षांत नव्या मुलींना शिकवायचीसुद्धा, आणि त्या वह्यांमध्ये लिहून घ्यायच्या. भीड हा शब्द मात्र मी तेव्हा वापरत नसे. मी विश्वास म्हणत असे.

मुलीने पहिलं पान उलटलं. आवाज छान होता तिचा, घाई नव्हती. ताईला रक्ताचा आजार आहे, सावकाश वाढणारा. त्याच्यावर एक जुनं औषध आहे, ते बरं चालतं, अजून बरीच वर्षं चालेल असं डॉक्टरांनी आम्हाला मागच्याच आठवड्यात सांगितलं होतं. आता त्यांना एक नवीन औषध तपासून बघायचं होतं. दीड वर्षं, दर आठवड्याला अर्धा दिवस इथे यायचं, तीनदा कंबरेच्या हाडातून नमुना काढायचा. कोणाला जुनं औषध द्यायचं आणि कोणाला नवं, हे मशीन चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवणार. मुलगी सगळं नीट सांगत होती आणि ताई दर वाक्याला मान डोलावत होती. ताईची ती मान मी लहानपणापासून बघते आहे. शाळेत बाईंनी विचारलं, समजलं का, की ती अशीच हलायची, समजलेलं असो की नसो. बाई दुखावू नयेत, एवढाच त्याचा अर्थ.

आमच्या पेंटरची मान अशी नव्हती. तो तिरका बघायचा. दुकानांच्या पाट्या रंगवणारा माणूस, सगळ्या हॉस्पिटलात त्याला पेंटर म्हणूनच ओळखत, फाईलवरचं नाव कोणाला लक्षात राहिलं नव्हतं. फुप्फुसाचा आजार, बराच पुढे गेलेला. मी खुर्ची ओढून शेजारी बसले, फॉर्म दाखवला, तर त्याने तो हात लांब करून धरला आणि म्हणाला, "सिस्टर, एवढं बारीक अक्षर म्हणजे कोणी वाचू नये म्हणूनच काढलंय. आम्ही रस्त्यापलीकडून दिसेल असं काढतो." मी खूप हसले. मग मी त्याला त्याच्या पाट्यांबद्दल विचारलं, कुठल्या कुठल्या आहेत, आणि तो सांगत सुटला. मी रोज ज्या दुकानावरून जायची त्या चष्म्याच्या दुकानाची पाटी त्याचीच निघाली. त्याची मुलगी दूर डोंगरातल्या गावात राहायची, तिने नुकतंच घर बांधलं होतं. घराच्या नावाची पाटी वडिलांनीच रंगवायची, दुसऱ्या कोणाला हात लावू देणार नाही, असं तिने बजावलं होतं. दोनेक महिने जाऊन राहायचं, सावकाश पाटी काढायची, नातवाला खेळवायचं असं त्याच्या मनात होतं. हे सगळं त्याने मला पहिल्या अर्ध्या तासात सांगितलं. मी मन लावून ऐकलं. ते नाटक नव्हतं, मला खरंच ऐकायचं होतं. माझा सगळा घोटाळा तिथेच आहे. मी नाटकी असते तर पेंटरने ते चटकन ओळखलं असतं.

चौथ्या पानावर एक ओळ असते, सगळ्या फॉर्ममध्ये असते. तुम्ही कधीही, कोणतंही कारण न देता यातून बाहेर पडू शकता, त्यामुळे तुमच्या उपचारात फरक पडणार नाही. मी ती वाचली. पण इतकी वर्षं वाचून वाचून तिला एक चाल लागली होती, रेडिओवर जाहिरातीच्या शेवटी पत्ता सांगतात तशी. पेंटरने मान वर केली. म्हणाला, दर दुसऱ्या गुरुवारी यायचं म्हणता, मग मध्ये मुलीकडे जायचं झालं तर? गुरुवार चुकले तर काय होतं? प्रश्न सरळ होता. उत्तरही सरळ होतं. तुम्ही जा, गुरुवार गेले खड्ड्यात, वाटलं तर सहीसुद्धा करू नका. यातलं काहीही म्हणता आलं असतं. मी त्याच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुम्ही नाही चुकवणार. माणूस बघितला की कळतं मला." त्याचा चेहरा उजळला. कोणीतरी आपल्याला ओळखलं म्हणून माणसाचा उजळतो तसा. मग त्याने पेन घेतलं आणि सही केली. अशी सही मी नंतर कधी पाहिली नाही. जाड रेघ, बारीक रेघ, प्रत्येक अक्षर वेगळं, शेवटी खाली एक लांब वळण. पाच मिनिटं लागली त्याला. पाहिलीत का, म्हणाला, ही पण पाटीच. मी त्या सहीचं तोंड भरून कौतुक केलं.

"मावशी, कळतंय ना? थांबू का?" मुलीने ताईला विचारलं. ताई म्हणाली, नाही, नाही, छान सांगते आहेस. मुलगी चौथ्या पानावर आली होती. मी कान टवकारले. ती ओळ आली आणि गेली. तीच चाल. कोणी शिकवली असेल हिला, मी जिला शिकवलं तिने, की तिच्याकडून शिकलेल्या आणखी कोणी. मला एकदम वाटलं की हिला थांबवावं आणि म्हणावं, परत वाच. पण मी घरून निघतानाच ताईला बजावलं होतं की मी काय काम करायची ते इथे बोलू नकोस, उगाच त्यांना अवघडल्यासारखं होईल. तेव्हा हा मला माझा मोठेपणा वाटला होता. आता वाटतं, माझं काम पेशंटच्या बाजूने कसं दिसतं ते मला बघायचं नव्हतं, आणि बघावं लागलंच तर निदान कोणाला कळू नये असं होतं.

पेंटर दर दुसऱ्या गुरुवारी आला. पावणेनऊला. पायऱ्या चढवेनात तेव्हा बायकोच्या खांद्यावर हात ठेवून आला. एकदा बस बंद पडली म्हणून वीस मिनिटं उशीर झाला, तर आत आल्याबरोबर आधी माझी माफी मागितली, मग खोकला. मी म्हणायची, अहो, मुलीकडे कधी जाताय? तो म्हणायचा, जरा बरं वाटू दे, आणि हे गुरुवार संपू देत. मी म्हणायची, हो, बरं वाटलं की जा. किती सहज म्हणायची मी ते. पाटीची फळी मात्र त्याने घरी तयार करून ठेवली होती, घासून, पांढरा हात मारून, दोन हात मारून. अक्षरं तिथे जाऊन घराच्या उजेडात काढायची होती. आमच्या वहीत त्याच्या नावापुढे एकही खाडा नव्हता. बैठकीत मोठे डॉक्टर म्हणाले, पेशंट असावेत तर असे. त्याला जुनं औषध मिळत होतं की नवं, ते मला पुढे कळलं. इथे सांगत नाही, कारण त्याने काही बदलत नाही.

एकोणिसाव्या गुरुवारी तो आला नाही. त्यानंतरच्या गुरुवारी त्याची बायको एकटीच आली, उरलेल्या गोळ्यांची बाटली घेऊन. बाटली परत करायची असते, हे तिला मीच सांगून ठेवलं होतं. ती बसली, पदराने नाही, हाताच्या पालथ्या बाजूने चेहरा पुसला आणि बाटली टेबलावर ठेवली. मी अर्थातच खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. ती म्हणाली, "जायचं होतं त्यांना मुलीकडे. मी किती मागे लागले. पण म्हणाले, सिस्टरने एवढं जवळ बसून विचारलंय, आता अर्ध्यात सोडणं बरं दिसत नाही." आवाजात तक्रार नव्हती. नवरा शब्दाचा पक्का होता, हे ती मला अभिमानाने सांगत होती. मी म्हणाले, त्यांची फार मदत झाली आम्हाला. ती गेल्यावर मी फॉर्मवर शेवटच्या भेटीची तारीख लिहिली, बाटलीवर चिकटपट्टी लावली आणि हात धुतले. फळी कुठे गेली, हे विचारायचं माझ्या लक्षात आलं नाही. तेव्हापासून मी त्या चष्म्याच्या दुकानावरून जात नाही, पुढच्या गल्लीतून वळसा घालून जाते. त्यानंतरही मी चार वर्षं काम केलं. खुर्ची ओढायचं सोडलं असं काही झालं नाही. हात अंगवळणी पडलेलं काम करतात, मन मागाहून येतं, आणि माझं तर फारच मागाहून आलं.

"नवव्या पानावर काही गोष्टी टाळायला सांगितल्यात," मुलगी म्हणत होती. या औषधाने अंगातली प्रतिकारशक्ती कमी होते, म्हणून गर्दीत जाणं कमी, कच्चं खाणं बंद, आणि सार्वजनिक तलावात पोहणं दीड वर्षं बंद. हे बहुतेकांना लागू नसतंच, असं म्हणून ती हसली. ताईही हसली आणि म्हणाली, "हो, चालेल." इतक्या पटकन म्हणाली की मुलीला त्यात थांबण्यासारखं काही दिसलं नाही. पण ताई चौसष्टाव्या वर्षी पोहायला शिकली आहे. बाबा गेले आणि पुढच्याच महिन्यात तिने जाऊन नाव घातलं, आम्हाला कोणालाही न सांगता. पहिले तीन महिने पाण्यात नाक घालायला घाबरायची. आता आडवा तलाव पार करते, उभा तीन चतुर्थांश जातो, मग कठडा धरते. गेल्या महिन्यात एकदा तिचा फोन आला, आवाज ओळखू येईना, इतकी हसत होती. म्हणाली, अगं, आज मी पाठीवर पडून राहिले, पाण्यावर, नुसती, कोणी काही मागत नव्हतं. जुन्या औषधावर पोहायला हरकत नाही, हे तिने डॉक्टरांना मागच्या खेपेला दोनदा विचारून घेतलं होतं. आणि आता म्हणत होती, चालेल.

कोणी काही मागत नव्हतं. ते वाक्य फोनवर ऐकलं तेव्हा मी हसून सोडून दिलं होतं. आता त्या खोलीत, नवव्या पानाशी, ते मला लागलं. कारण शेजारी बसायचं मी हॉस्पिटलात शिकले असं मी सगळ्यांना सांगत आले, आणि ते खोटं आहे. मी ते ताईवर शिकले. बाबांचे पाय गेले तेव्हा ती पलंगावर धुतलेल्या कपड्यांच्या घड्या करत बसली होती. माझी दोन लहान मुलं, नुकतीच लागलेली नोकरी, तिसऱ्या मजल्यावरचं घर, सगळी कारणं खरी होती. मी तिच्याशेजारी बसले, ढिगातले अर्धे कपडे ओढून घेतले, घड्या घालायला लागले. तिच्या गुडघ्याची चौकशी केली. तिच्या पोस्टातल्या खिडकीवरच्या गमती ऐकल्या. मग म्हणाले, बाबांना तुझ्याकडे ठेव, थोडेच दिवस, ताई. तिच्या हातात भावजींचा शर्ट होता, बाह्या दुमडलेल्या. तिने तोंड उघडलं, काहीतरी म्हणणार होती. मी तिच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "तुझ्याइतकं त्यांचं कोण करणार?" ती म्हणाली, बरं. ते थोडे दिवस अठ्ठावीस वर्षं चालले. तिने पोस्टातली नोकरी सोडली, भावजी त्या वर्षांतच गेले, आणि कुठेही जायचं म्हटलं की बाबांकडे कोण बघणार हा प्रश्न यायचा, तो मलाही यायचा आणि मी तो तिच्याकडेच पाठवायची. तिने कधी ब्र काढला नाही. मी पाहुण्यांना सांगायची, ताईला बाबांचा फार लळा.

मुलीने सोळावं पान वर घेतलं आणि पेन काढलं. ताईच्या हातात दिलं नाही, कागदावर ठेवलं, सहीच्या रेघेशेजारी. माणूस आपण होऊन उचलतो मग. ताईने उचललं. टोक रेघेवर टेकलं आणि थांबलं, आणि ती माझ्याकडे वळली. "काय करू गं? तू म्हणशील तसं." तिचे डोळे अगदी साधे होते, भाजी कुठली आणू असं विचारताना असतात तसे. मी तिच्या इतकी जवळ होते की नुसतं कानात म्हटलं असतं, नको करूस, तर तिने पेन खाली ठेवलं असतं. आणि मग ते परत माझंच झालं असतं. आयुष्यभर हिच्याकडून ‘हो’ घेतलं, आज ‘नाही’ घेतलं असतं, एवढाच फरक. मी उठले. पलीकडे खुर्ची नव्हती, मुलीने आपली इकडे आणली होती. म्हणून मी माझी उचलली, नीट उचलता आली नाही, पाय फरशीवर घासत गेले, आणि टेबलाच्या त्या बाजूला ताईच्या समोर जाऊन बसले. मुलगी बघतच राहिली.

"ताई," मी म्हणाले, "इथून विचारते. तुला हे करायचंय का? नको म्हणालीस तर जुनं औषध आहे तसं चालू राहील. हिचं काही बिघडत नाही आणि माझं तर नाहीच नाही."

माझा आवाज मला जरा कोरडा वाटला. ताई गोंधळली. मुलीकडे बघितलं, कागदाकडे बघितलं. मुलगी लाल झाली होती, पण म्हणाली, खरंय मावशी, त्या म्हणतात ते बरोबर आहे, चौथ्या पानावर लिहिलंय, मी परत वाचू का? आणि तिने ती ओळ परत वाचली. या खेपेला चाल नव्हती. एकेक शब्द आला. ताईने तो ऐकला, मान न डोलावता. मग तिने मुलीला विचारलं, "मी नको म्हटलं तर तुला कोणी बोलेल का?"

या प्रश्नाला मी सव्वीस वर्षांत काय उत्तर दिलं असतं ते मला माहीत आहे. छे हो, असं काय विचारता, असं गोड हसून म्हणाले असते, आणि समोरच्याला कळलं असतं की बोलतील. मुलीने दाराकडे एक नजर टाकली. "बोलतील थोडं," ती म्हणाली. "पण ते माझं मी बघेन."

ताईने पेन खाली ठेवलं. टोपण लावून ठेवलं, नीट, कागदाला समांतर. "मग मला नको," ती म्हणाली.

पाणी नको, भात नको, साडी नको, असलं नको मी तिच्या तोंडून हजारदा ऐकलं होतं, आणि प्रत्येक वेळी आम्ही कोणीतरी तिला ती गोष्ट दिलीच होती. हे तसलं नव्हतं. मुलीने कागद गोळा केले, जमेल तेव्हा फोन करा म्हणाली, आणि मग लक्षात येऊन म्हणाली, नाही, करायची गरज नाही. मला तिचा हेवा वाटला. ती गेल्यावर खोलीत आम्ही दोघीच राहिलो, टेबल मध्ये. मला वाटलं, आता उठू, बस पकडू, ताईला उद्या तलावावर जायचं असेल. ताई उठली नाही. अर्धा उरलेला ग्लास तिने हाताने बाजूला सारला आणि माझ्याकडे बघितलं. आवाज तोच, मघासारखा, साधा.

"बाबांच्या वेळी पण मला नकोच होतं."

माझा हात आपोआप पुढे झाला, तिच्या हाताकडे, नेहमीसारखा. टेबल रुंद होतं. मी तो मागे घेतला, मांडीवर ठेवला आणि ती पुढे काय म्हणते ते ऐकत बसले.